आजी कळसूबाई चढते म्हणते

पोरांनो, हसायचं नाही. तुमची आजी म्हणतेय की यंदाच्या थंडीत ती कळसूबाई चढणार, आणि ती चेष्टा करत नाहीये. वय सत्तरीपार. राहायला कांजूरमार्ग पूर्वेला, जिथे जमीन इतकी सपाट की पावसाचं पाणीसुद्धा कुठे जावं या विचारात थांबून राहतं. एका अंगाला रेल्वेचे रूळ, दुसऱ्या अंगाला मिठागरं, तिवरं आणि ठाण्याची खाडी. चढ म्हणायचा तर स्टेशनचा पूल, नाहीतर लिफ्ट बंद पडली की आपला जिना.

अशा समुद्रसपाटीवर आयुष्य काढलेलं सत्तरीतलं शरीर महाराष्ट्राच्या सगळ्यांत उंच जागी स्वतःच्या पायांनी पोचेल का? मला विचाराल तर पोचेल. ‘मनात आणलं की सगळं होतं’ हे उत्तर मात्र मी देणार नाही. ते भाषणाला ठीक आहे. खरी गंमत कातडीच्या आत चालते, आणि ती मनाला विचारून चालत नाही. ती सांगतो.

आधी वयाचा हिशेब करू, पण आजीच्या नाही, डोंगराच्या. कळसूबाईची उंची १६४६ मीटर. हा सगळा डोंगर बेसाल्टचा, म्हणजे थिजलेल्या लाव्हाचा. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनच्या जमिनीला भेगा पडल्या आणि लाव्हाचे थरावर थर पसरत गेले. आपल्या अंधेरीत गिल्बर्ट हिल नावाचा जो काळा उभा कातळ इमारतींच्या गराड्यात अडकलाय ना, तोही त्याच काळातला. आणि हिमालय? भारताचा भूखंड आशियाला जाऊन धडकला तो साधारण ५ कोटी वर्षांपूर्वी, तेव्हापासून हिमालय वर येतोय, अजून थांबलेला नाही. म्हणजे ८८४८ मीटरचं एव्हरेस्ट वयानं लहान आणि आपली कळसूबाई मोठी. मोठ्या वयाच्या माणसानं मोठ्या वयाच्या डोंगरापासून सुरुवात करावी, यात मला तरी काही चूक दिसत नाही.

शिवाय हा डोंगर बाईचाच आहे. कळसू नावाची एक मुलगी पाटलाच्या घरी कामाला होती. भांडी घासणार नाही, केर काढणार नाही, ही तिची अट. अट मोडली तेव्हा ती सरळ डोंगरावर निघून गेली आणि तिथेच राहिली, अशी तिकडची लोककथा आहे. नवरात्रात आसपासच्या गावांतल्या म्हाताऱ्या बायका देवीला म्हणून वर जातात. पायथ्याच्या बारी गावातून निघायचं, मध्ये कातळाला लावलेल्या लोखंडी शिड्या आहेत, त्या चढायच्या. त्यांना कुणी गिर्यारोहक म्हणत नाही. २०२० साली नाशिककडच्या हरिहर गडाच्या उभ्या कातळपायऱ्या चढणाऱ्या सत्तरीच्या आसपासच्या एका आजींची चित्रफीत घराघरातल्या मोबाईलवर फिरली. लोक थक्क झाले. बारीतल्या बायका ती पाहून थक्क झाल्या असतील, असं मला वाटत नाही.

आता पायांकडे येऊ. आपल्या स्नायूंत दोन जातींचे तंतू असतात. एक झटपट जोर लावणारे, पण लवकर दमणारे. सुटलेली लोकल पकडायला धावताना हे कामाला येतात. दुसरे मंद, कमी जोराचे, पण तासन्‌तास न दमता चालणारे. पन्नाशीनंतर दरवर्षी स्नायूंची ताकद साधारण एका टक्क्यानं घटत जाते, आणि त्यात जास्त मार बसतो तो पहिल्या जातीला. मंद तंतू बऱ्यापैकी टिकून राहतात.

इथे एक विलक्षण प्रकार होतो. प्रत्येक स्नायूतंतूला हुकूम देणारी चेतापेशी पाठीच्या कण्यात असते. वय वाढलं की यातल्या काही पेशी मरतात. त्यांच्या तंतूंना हुकूम देणारं कुणी उरत नाही. अशा वेळी शेजारच्या चेतापेशीला नवी फांदी फुटते आणि ती त्या बेवारस तंतूंना जाऊन मिळते. बहुतेक वेळा ही शेजारीण मंद जातीची असते, आणि तिच्या हाताखाली आलेला चपळ तंतूही हळूहळू मंद होतो. म्हणून आजीला लोकलमागे धावता येत नाही, पण देवळापर्यंत ती तुमच्याआधी चालत जाते. आणि डोंगराला कुठला तंतू लागतो? मंद. पहिल्या अर्ध्या तासात धावत सुटणारी आणि मग दगडावर बसून ‘अजून किती राहिलंय’ विचारणारी तरुण मंडळी कुठल्याही शिखराच्या वाटेवर दिसतात.

‘पण आजीच्या पायात तेवढा जोर तरी आहे का?’ हा प्रश्न रास्त आहे. १९९० साली बोस्टनमध्ये मारिया फियाटारोने नावाच्या डॉक्टरबाईंनी एक प्रयोग केला. वृद्धाश्रमातली दहा माणसं घेतली. सरासरी वय ९०! काहीजण काठी घेऊन चालणारे. त्यांना आठ आठवडे पायांनी वजन उचलायचा व्यायाम दिला, आणि तोही जपून हलकाफुलका नाही, चांगला जोर लागेल असा. मांडीची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. पावणेतीन पट! दोघांची काठी सुटली. स्नायूचा आकार मात्र तेवढा वाढला नव्हता, जेमतेम नऊ टक्के. मग एवढी ताकद आली कुठून? बरीचशी नसांतून. पडून असलेले तंतू मेंदूनं पुन्हा कामाला लावले. स्नायू वयाचा दाखला मागत नाही, त्याच्याकडून काम मागितलं की तो ते देऊ लागतो. नव्वदीत देतो, तर सत्तरीत का नाही देणार?

छातीचं गणित थोडं कडक आहे. वय वाढेल तसा हृदयाच्या ठोक्यांचा वरचा आकडा खाली येतो. एक ढोबळ सूत्र आहे: वयाला ०.७ नं गुणायचं आणि २०८ मधून वजा करायचं. विशीत येतात १९४ ठोके, सत्तरीत १५९. हा आकडा व्यायामानं वर जात नाही, ते मान्यच करावं लागतं. दर मिनिटाला शरीर जास्तीत जास्त किती प्राणवायू वापरू शकतं, तेही तिशीनंतर दर दहा वर्षांनी साधारण दहा टक्क्यांनी घटतं. पण जे हालचाल सोडत नाहीत, त्यांची घट बरीच कमी होते. म्हणून आजीनं चढताना एकच पथ्य पाळायचं. तोंडानं गप्पा चालू राहतील एवढ्याच वेगानं चढायचं. गप्पा तुटल्या की वेग कमी. आजीच्या बाबतीत ही खूण पक्की आहे, तिच्या गप्पा उगाच तुटत नाहीत.

उंचीवर हवा विरळ होते, हे तुम्ही शाळेत शिकलात. पण काय विरळ होतं? हवेतला प्राणवायूचा वाटा सगळीकडे तोच, २१ टक्के. कमी होतो तो दाब. कांजूरमार्गला हवेचा जेवढा दाब आहे, त्याहून कळसूबाईच्या माथ्यावर साधारण १८ टक्के कमी. निरोगी फुप्फुसं तेवढं सहज निभावून नेतात. साडेपाच हजार मीटरवर दाब निम्मा होतो आणि एव्हरेस्टवर एक तृतीयांश.

हिवाळ्यात उजनीच्या पाण्यावर पट्टकादंब नावाचे हंस येतात, डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले. ते हिमालय ओलांडून येतात. त्यांच्यातल्या काहींना सात हजार मीटरपेक्षाही वर उडताना यंत्रांनी टिपलं आहे. त्यांचं रक्त विरळ हवेतूनही प्राणवायू पकडून ठेवतं, ही सोय त्यांना जन्मतःच मिळालेली. आपल्याला नाही. आपल्याला उंचीशी जुळवून घ्यायला दिवस लागतात.

ते जुळवून घेणं कसं होतं, पाहा. मानेत, जिथे मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीला दोन फाटे फुटतात, तिथे तांदळाच्या दाण्याएवढा एक अवयव असतो. रक्तातला प्राणवायू कमी झाला की तो मेंदूला कळवतो, आणि श्वास भरभर चालू होतो. भरभर श्वासानं कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर जातो, रक्ताचा तोल बिघडतो, मग मूत्रपिंडं तो तोल सावरायला लागतात. त्याला काही दिवस जातात. तिकडे मूत्रपिंडं एरिथ्रोपोएटिन नावाचं द्रव्य सोडतात, ते हाडांच्या मगजाला सांगतं की तांबड्या पेशी वाढवा. प्राणवायू कमी पडलाय हे पेशीला मुळात कळतं कसं, हे उलगडणाऱ्या तिघांना, ग्रेग सेमेन्झा, पीटर रॅटक्लिफ आणि विल्यम केलिन यांना, २०१९ चं नोबेल मिळालं. ही सगळी यंत्रणा सत्तरीतही चालू असते. थोडी हळू, पण चालू.

आणि आता माझा सगळ्यांत आवडता भाग. कळसूबाई झाल्यावर आजीनं हिमालयाचं नाव काढलं, तर उंचीचा त्रास तिला जास्त होईल की तुम्हाला? तुम्ही म्हणाल, तिला. १९९५ साली अमेरिकेतल्या कोलोरॅडोमध्ये व्हेल या डोंगरी गावी, २५०० मीटरवर, आलेल्या ५९ ते ८३ वर्षांच्या ९७ पाहुण्यांवरचा अभ्यास काही डॉक्टरांनी छापला. त्यांतल्या कित्येकांना रक्तदाब होता, काहींना हृदयाचा विकार. उंचीची डोकेदुखी, मळमळ, झोप न येणं हा त्रास झाला फक्त १६ टक्के लोकांना, तरुणांमध्ये दिसतो त्याहून कमी.

याचं एक कारण १९८५ साली रॉस नावाच्या शास्त्रज्ञानं सुचवून ठेवलं होतं. उंचीवर मेंदू किंचित फुगतो. कवटी काही फुगत नाही. तरुण माणसाचा मेंदू कवटीत गच्च बसलेला असतो, सकाळी साडेआठच्या लोकलच्या डब्यासारखा, तिथे आणखी एकजण चढला तरी सगळे कळवळतात. वय वाढलं की मेंदू थोडा आक्रसतो, डबा दुपारच्या लोकलचा होतो. फुगायला जागा मिळते. म्हणजे ‘म्हातारपणी डोक्यात पोकळी होते’ असं आजीला चिडवाल, तर ती पोकळी तिच्या कामाची निघायची! हा अजून अंदाजच आहे बरं का, पुरता सिद्ध झालेला नाही. आणि म्हातारी माणसं हळू चढतात, त्याचाही फायदा मिळत असणार. पण यावर विसंबून कुणी घाई केली तर उंची कुणालाच सोडत नाही.

जपानचे युइचिरो मिउरा यांची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. १९७० साली हे गृहस्थ एव्हरेस्टच्या साउथ कोलवरून पाठीला पॅराशूट बांधून स्कीवर घसरत खाली आले होते. पुढे साठीत वजन वाढलं, तब्येत ढासळली. त्यांचे वडील मात्र ९९व्या वर्षी माँ ब्लाँच्या हिमनदीवर स्की करत होते! मुलाला लाज वाटली असावी. पायांना वजनं बांधून, पाठीवर ओझं घेऊन ते चालू लागले. ७०व्या वर्षी, २००३ साली, एव्हरेस्ट चढले. २००८ साली ७५व्या वर्षी पुन्हा चढले, पण आदल्याच दिवशी नेपाळचे मिन बहादूर शेरचन ७६व्या वर्षी वर जाऊन आले होते! मग मिउरांनी २०१३ साली, हृदयावर शस्त्रक्रिया झालेली असताना, ८०व्या वर्षी तिसऱ्यांदा शिखर गाठलं. उतरताना मात्र अंगातली शक्ती संपली. ६५०० मीटरवरच्या तळावरून त्यांना हेलिकॉप्टरनं खाली आणावं लागलं. शेरचन २०१७ साली, ८५व्या वर्षी, पुन्हा प्रयत्न करायला गेले आणि बेसकॅम्पवरच वारले. मिउरा ९० वर्षांचे असताना, २०२३ साली, खास खुर्चीत बसून, माणसांच्या मदतीनं फुजी पर्वताच्या माथ्यावर गेले. मदत घेऊन वर जायला त्यांना कमीपणा वाटला नाही, हे मला त्यांच्या विक्रमांहून जास्त आवडतं.

‘उतरताना’ हा शब्द मी मुद्दाम पुढे आणला, कारण खरी परीक्षा तिथेच असते. चढताना स्नायू आखडत काम करतो. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू अंगाचं वजन पेलत पेलत लांब होतो. या दोन कामांतला फरक दाखवायला १९५२ साली लंडनमधल्या अ‍ॅबट, बिगलंड आणि रिची या तिघांनी दोन सायकली पाठीला पाठ लावून साखळीनं जोडल्या. एकानं पुढे पेडल मारायचं, दुसऱ्यानं उलट फिरणारं पेडल फक्त अडवायचं. अडवायला बसली चणीनं लहान बाई. पेडल मारायला धिप्पाड पुरुष. थोड्याच वेळात पुरुष घामाघूम, आणि बाई आरामात! दोघांचा जोर सारखाच लागत होता, पण वजन पेलत लांब होणाऱ्या स्नायूला प्राणवायू फार कमी लागतो.

म्हणूनच उतरण फसवी असते. दम लागत नाही, त्यामुळे माणूस भराभर उतरतो. पण स्नायूच्या तंतूंना आतून बारीक चिरा पडत असतात, गुडघ्यांवर भार येत असतो, आणि थकलेली मांडी ऐनवेळी दगा देते. त्यात आतल्या कानातल्या तोल सांभाळणाऱ्या पेशी वयाबरोबर कमी झालेल्या, तळव्यांची जाण बोथट झालेली.

कांजूरहून चार स्टेशनं पुढे ठाणं. तिथल्या शरद आणि अंजली कुलकर्णी या जोडप्याला सात खंडांची सात शिखरं चढायची होती. मे २०१९ मध्ये एव्हरेस्टवर माणसांची रांग लागली होती, आठवतंय का तो फोटो? त्या मोसमात शिखरावरून उतरताना पन्नाशीतल्या अंजलीताई गेल्या. चार वर्षांनी, साठीच्या घरात, शरद कुलकर्णी पुन्हा एव्हरेस्टवर गेले आणि माथ्यावर पोचले. यावर मी काही बोलणार नाही. फक्त एवढं लक्षात ठेवा, की एव्हरेस्टच्या अगदी वरच्या भागातले बहुतेक मृत्यू उतरतानाच होतात.

रेमंड ह्युई नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञानं एव्हरेस्टवरच्या हजारो चढायांच्या नोंदी तपासल्या. चाळिशीनंतर यशाची शक्यता घटते, साठीनंतर धोका वाढतो. पण २०२० साली पुन्हा हिशेब केला, तेव्हा दिसलं की हल्लीच्या साठीतल्या गिर्यारोहकाला शिखर गाठायची जेवढी संधी आहे, तेवढी आधीच्या काळात चाळिशीतल्याला होती. डोंगर तोच आहे. हवामानाचे अंदाज, दोर, प्राणवायूची व्यवस्था, अनुभव हे सगळं सुधारलं.

तर आता आजीची तयारी. पहिलं काम, डॉक्टरकडे जाऊन हृदय, रक्तदाब, साखर आणि गुडघे तपासून घेणं. यात सूट नाही. दुसरं, जिना. बारीपासून माथ्यापर्यंतची चढाई नऊशे मीटरच्या आसपास. मजला तीन मीटरचा धरला तर तीनशे मजले. घाबरू नका, आजीला ते कांजूरमध्ये एका दिवसात चढायचे नाहीत. दोन मजल्यांपासून सुरुवात, कठड्याला हात, दर आठवड्याला थोडी वाढ. वर लिफ्टनं जाऊन जिन्यानं उतरणं हाही व्यायामच आहे, दम न लागता मांड्या तयार होतात, पण तो हळूहळू वाढवायचा, नाहीतर दुसऱ्या दिवशी खुर्चीतून उठवणार नाही. तिसरं, दात घासताना दाराची चौकट धरून एका पायावर उभं राहणं. मग सकाळी खाडीकडून कचऱ्याच्या डम्पिंगचा वास येत नसेल तेव्हा रूळ ओलांडून पश्चिमेला, पवईच्या चढाकडे चालणं. मग एखादा सोपा गड. मुलुंडचे चक्रम हायकर्स किंवा १९५४ पासून डोंगरात असलेली गिरिविहार, अशा जाणत्या संस्थांच्या माणसांना आधी विचारलेलं बरं. दोन काठ्या घ्यायच्या, उतरताना गुडघ्यांवरचा भार त्या खरोखर हलका करतात. आणि कळसूबाईच्या दिवशी माथा दिसत असला तरी उतरायला पुरेसा उजेड राहील अशा वेळी मागे फिरायचं. माथा पुढच्या वर्षीही १६४६ मीटरवरच असतो.

एक काम मात्र तुमचं आहे, पोरांनो. वय वाढलं की मेंदूला तहान उशिरा कळते आणि मूत्रपिंडांनाही पाणी धरून ठेवणं पूर्वीसारखं जमत नाही. अंगातलं पाणी कमी झालेलं असतं, तरी माणूस म्हणतो, ‘मला नको.’ तेव्हा घरातल्या म्हाताऱ्या माणसाबरोबर डोंगरावर जाल, तेव्हा ‘तहान लागली का’ असं विचारू नका. दर अर्ध्या तासानं थांबा, बाटलीचं झाकण उघडून ती हातात द्या, आणि दोन घोट पोटात गेलेले दिसल्याशिवाय पुढचं पाऊल टाकू नका.